रंग हवा असेल तर आधी पाणी बदला

मराठवाड्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला फोटोनिक क्रिस्टल (पाण्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण विद्युतक्षेत्राने ओळीत लावून केलेली, रंगद्रव्याशिवाय रंग दाखवणारी रचना) घेणाऱ्यांनी पहिलं काम करावं ते बोअरचं पाणी लांब ठेवण्याचं. चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढवणारे तेच क्षार या पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या कणांवरचा विद्युतभार झाकून टाकतात. मग कण एकमेकांना दूर ठेवत नाहीत, गुठळ्या होतात, आणि विद्युतक्षेत्र कितीही लावा, ओळी लागत नाहीत. आमचे दोन आठवडे यातच गेले. दोष मात्र आम्ही विद्युतक्षेत्रासाठी व्होल्टेज देणाऱ्या बिचाऱ्या सिग्नल जनरेटरला देत होतो. डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणीच घ्या, आणि वापरण्याआधी त्याची वाहकता मोजा. बाटली उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनही ती वाढते.

डीसी नको. सव्वा व्होल्टच्या पुढे पाण्याचं विघटन सुरू होतं आणि बुडबुडे सगळी रांग मोडतात. दोन आयटीओ काचांमध्ये (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या काचा) साधारण 100 मायक्रॉनची फट ठेवून एसी द्या. सुरुवात 1 किलोहर्ट्झ आणि दोन-तीन व्होल्टपासून करा, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत दोन्ही हळूहळू बदला.

कण सगळे एकाच मापाचे हवेत. घट्ट रचनेत सरळ वरून पाहिल्यास दिसणारा रंग कणाच्या व्यासाच्या अंदाजे अडीच पट तरंगलांबीचा असतो, म्हणजे 220 नॅनोमीटरच्या कणांना हिरवा.

कणांचा थर वाळवायचा असेल तर एप्रिल-मेची दुपार टाळा. इकडच्या कोरड्या हवेत थर झपाट्याने सुकतो आणि भेगाळलेल्या काळ्या रानासारखा दिसतो. वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या.