मुंबईत सेकंड हँड, मॅन्युअल आणि चालवायला मजा येईल अशी गाडी कशी निवडावी

दोन सीटची, छप्पर उघडणारी खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे मध्यमवर्गीय बजेटमध्ये मिळत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुंबईत गाडी चालवण्याची मजा घोड्यांच्या ताकदीत कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जास्त आहे. कोस्टल रोडवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, अटल सेतूवर १००. साधी पेट्रोल हॅचबॅकसुद्धा दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला तर ८० च्या आसपास पोहोचते. वजनाला हलकी, स्टिअरिंग नेमकं आणि गिअर हाताला गोड लागणारा, अशी गाडी इथे रोज आनंद देते. दोनशे घोड्यांची जड सेडान मात्र सायनच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभी राहून तुमचा डावा पाय दुखवते.

आधी पैसे बाजूला काढा

हातात जेवढी रक्कम आहे, तेवढ्याची गाडी घेऊ नका. निदान पाचवा हिस्सा घेतल्या घेतल्या लागणाऱ्या कामासाठी राखून ठेवा. चार टायर, क्लचचा सेट, सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड), बॅटरी, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) यांतलं काही ना काही पहिल्या सहा महिन्यांत निघतंच. ज्यांनी सगळे पैसे गाडीतच घातले, त्यांची गाडी पुढे गॅरेजच्या दारात धूळ खाते. आठ लाखांची थकलेली गाडी घेण्यापेक्षा साडेसहा लाखांची निरोगी गाडी केव्हाही बरी.

गाड्या कुठल्या बघाव्यात

टर्बो पेट्रोल आवडत असेल तर मारुतीची बलेनो आरएस आधी बघा. २०१७ साली आलेली, १.० लिटर बूस्टरजेट इंजिन, सुमारे १०२ पीएस (म्हणजे साधारण तितकेच घोडे), पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. फार थोडे दिवस विकली गेली, पण त्याच घराण्यातलं बूस्टरजेट इंजिन २०२३ पासून फ्रॉन्क्समध्येही येतं. त्यामुळे हे इंजिन मारुतीच्या वर्कशॉपला परकं नाही. माझ्या मते मुंबईसाठी ही सगळ्यांत शहाणी निवड आहे.

फोक्सवॅगन पोलोची बात वेगळी. चाकणला बनलेली ही गाडी दार लावतानाच भरीव वाटते. जाहिरात वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘जीटी’ हा बिल्ला दोन अगदी वेगळ्या गाड्यांवर आहे. पेट्रोल जीटी टीएसआय ही ऑटोमॅटिक, मॅन्युअल हवी असेल तर डिझेलची जीटी टीडीआय. पेट्रोल आणि मॅन्युअल दोन्ही हवं असेल तर २०२० पासूनची १.० टीएसआय शोधा. ११० पीएस आणि सहा गिअर. २०२२ मध्ये पोलो बंद झाली, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक भाव सोडत नाहीत.

असाच घोळ ह्युंदाई आय२० एन लाइनचा होतो. २०२१ ची गाडी जाहिरातीत ‘मॅन्युअल’ म्हणून दिसते, पण ती आयएमटी असते. म्हणजे गिअर हाताने टाकायचा, पण क्लचचा पेडलच नाही. तीन पेडलांची सहा गिअरवाली एन लाइन २०२३ च्या फेसलिफ्टपासून मिळते.

फियाटची अबार्थ पुंटो ही खऱ्या वेड्यांची गाडी. २०१५ मध्ये जेमतेम दहा लाखांच्या आत आलेली, १.४ टी-जेट, १४५ पीएस. रांजणगावला बनलेल्या या गाडीइतकी ताकद त्या किमतीत तेव्हा कुठल्याच हॅचबॅकमध्ये नव्हती. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, आणि रस्ता हातात येणं म्हणजे काय ते या गाडीत कळतं. पण फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं आहे. पार्टसाठी फोनाफोनी करावी लागते. घरात दुसरी गाडी असेल किंवा तुम्ही लोकलने कामावर जात असाल, तरच घ्या. टाटाची टियागो जेटीपी (२०१८, ११४ पीएस) त्यामानाने सांभाळायला सोपी. फोर्ड फिगोचं १.५ डिझेल (१०० पीएस) घाटात धमाल पळतं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, ते भाव पाडून मागताना कामी येतं.

आणि होंडा सिटी विसरू नका. १.५ आय-व्हीटेक इंजिन टर्बोशिवाय वरच्या आरपीएमपर्यंत मोकळ्या गळ्याने गातं, क्लच हलका, टायमिंग चेन असल्याने बेल्टचा खर्च नाही, आणि दुरुस्त करणारा प्रत्येक उपनगरात सापडतो. दिसायला ती काकांची गाडी आहे, हे मान्य. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र ती भल्याभल्यांना लाजवते.

पंधरा वर्षांवरची ऑक्टाव्हिया व्हीआरएस किंवा फिएस्टा १.६ एस मनात भरली असेल तर आरसीचं (नोंदणीचं) नूतनीकरण, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स यांचा हिशेब आधी करा.

नंबर प्लेट वाचा

एमएच-०१, ०२, ०३ आणि ४७ या मुंबईच्या गाड्या. रनिंग कमी असलं तरी क्लचने बरंच सोसलेलं असतं. वरळी, कफ परेड, वर्सोव्याला उघड्यावर उभी राहिलेली गाडी खारी हवा खाते आणि खालून गंजते. एमएच-१२ आणि १४ म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड. एक दिवस काढून तिकडे जाणं फायद्याचं ठरतं, कारण राज्यातल्या राज्यात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही.

दिल्लीची स्वस्त गाडी बघून मोहात पडू नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या इकडे येतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि आरटीओच्या खेपा धरल्या की स्वस्ताई उरत नाही.

जाण्याआधी फोनवर

गाडीचा नंबर मागा. एम-परिवहन ॲपवर मालक कितवा, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. महाट्रॅफिक ॲपवर थकलेली ई-चलनं दिसतात, ती विक्रेत्याने भरायची. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच विषय संपवा. आणि एक विनंती जरूर करा: “मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.”

उभी गाडी बघताना

पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर सुरू होतानाचा खडखडाट किंवा धूर लपवायला गाडी तापवून ठेवली असावी. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरकडे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बो गाडी पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबा. निळा झोत निघाला तर टर्बोचे सील संशयास्पद आहेत.

मुंबईत सगळ्यांत मोठी भीती पाण्याची. २६ जुलै २००५ किंवा २९ ऑगस्ट २०१७ सारखा दिवस लागतो असंही नाही, हिंदमाता किंवा मिलन सबवेला एक जोरदार सर पुरते. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते, आणि वरवर बघून ती ओळखू येत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. जो भाग कधी बाहेर येतच नाही, तिथे मातकट पट्टा दिसला तर समजून जा. सीटचे रुळ आणि खालचे बोल्ट गंजलेत का ते टॉर्च मारून बघा. डिकीत स्टेपनी उचला, खड्ड्यात गाळ आहे का तपासा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा, नाक जवळ न्या. कुबट वासावर परफ्यूमची बाटली लावलेली असेल तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्षभराने एकेक सेन्सर मारत राहतं.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा, ती रक्कम भावातून कमी करून घ्या. टायर एकाच कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट तरी बिघडलंय किंवा गाडी ठोकली आहे. मडगार्डच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर डेंटिंग-पेंटिंग कुठवर झालंय ते विचारा.

चालवताना: क्लच आणि गिअरबॉक्स

इथे घाई करू नका, कारण मॅन्युअल गाडीचं सगळं सुख याच दोन वस्तूंत आहे.

गाडी न्यूट्रलला सुरू ठेवा. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते? गिअरबॉक्सचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज येतो? रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचचं काम जवळ आलंय. डिझेलमध्ये आयडलला खडखड येऊन क्लच दाबताच ती बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर (इंजिन आणि क्लचमधलं, हादरे शोषणारं दुहेरी जड चाक) संशय घ्या. तो पार्ट महाग आहे.

मग क्लच हळू सोडत गाडी कुठे पकडते ते पाहा. पेडल अगदी वर आल्यावर पकडत असेल तर प्लेट संपत आली. याची खात्री चढावर होते. पेडर रोडचा चढ किंवा एखादा फ्लायओव्हर गाठा, मोकळा रस्ता बघून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि गाडी तशीच रेंगाळली, की क्लच घसरतोय. जळका वास आला तर वेगळा पुरावा नको.

गिअरबॉक्ससाठी दुसरा गिअर पारखा. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना कर्र आवाज येतो, हाताला दात लागतात? सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) झिजले. गाडी थंड असताना आणि अर्ध्या तासाने, दोन्ही वेळा बघा. तिसऱ्यात वेग घेऊन पाय एकदम काढा, गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये उडी मारत असेल तर गाडी तिथेच सोडा. लिव्हर सैल असेल तर घाबरू नका, बुश किंवा केबल बदलून भागतं. बॉक्स उघडण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

शेवटी गाडी मुद्दाम ट्रॅफिकमध्ये घ्या. रविवारी सकाळी ईस्टर्न फ्रीवेवर कुठलीही गाडी छान वाटते. संध्याकाळी अंधेरीत अर्धा तास क्लच दाबूनसुद्धा गाडी आवडली, तर ती तुमची.

रीमॅप आणि जोरदार सायलेन्सर

अशा गाड्या हौशी लोकांच्या हातून येतात. आफ्टरमार्केट एक्झॉस्ट, मोठी चाकं, खाली बसवलेलं सस्पेन्शन, ईसीयूचं रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल). आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही यावर बोट ठेवू शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रीमॅपने वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्स खातो. मूळ स्थितीतली गाडीच शोधा. मूळ पार्ट विक्रेत्याने जपून ठेवले असतील तर ते सौद्यात मागून घ्या.

पैसे आणि कागद

सौदा ठरण्याआधी त्याच ब्रँडवर काम करणाऱ्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन गाडी रॅम्पवर चढवा, स्कॅनर लावा. तो खालून ऑइलगळती आणि चॅसिवरचं वेल्डिंग दाखवेल. पोलो टीडीआय किंवा टी-जेटच्या टायमिंग बेल्टचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून भाव करा.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागली आहे का बघा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता थोडा वाढेल. दुसरी किल्लीही मागायला विसरू नका.

गाडी घरी आली की सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेलं असो, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल नवं टाका. गिअर ऑइल बहुतेक मालकांनी कधीच बदललेलं नसतं, आणि कडक पडलेला दुसरा गिअर पुष्कळदा तेवढ्यानेच मऊ होतो.