जुनी पिशवी अजून फेकू नका

अमेरिकेत लष्करी जमिनीवर बांधकामाआधीच्या पुरातत्त्वीय पाहणीत निघालेल्या वस्तू संघीय सरकारच्या मालकीच्या असतात. १९९०ची नियमावली, ३६ सीएफआर ७९ (अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहाचा एक भाग), उत्खननाच्या वह्या, नकाशे, छायाचित्रंही त्याच संग्रहात धरते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचा व्हेटरन्स क्युरेशन प्रोग्रॅम २००९पासून माजी सैनिकांना असे संग्रह नीट लावून जपण्याचं काम शिकवतो. नवीन माणूस मात्र आधी खापरांकडे धावतो.

खरा घात पिशव्या बदलताना होतो. जुनी कागदी पिशवी फाटलेली, शाई पुसट. म्हणून वस्तू नव्या पॉलिथिलीन पिशवीत (४ मिल, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची) घालून जुनी टाकली जाते. त्या पिशवीवरच खड्डा, थर, खोली आणि तारीख असते. खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही. ती ओळ गेली की खापर उरतं, त्याची जागा नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच पिशवी उघडा. मजकूर चुकीसकट जसाच्या तसा उतरवा. ‘१’ आहे की ‘७’ हे अंदाजाने ठरवू नका, वहीशी ताडून पाहा. नाही जुळलं तर शंका चौकटी कंसात लिहा. दुसऱ्या माणसाने तपासल्यावर लिहिलेला भाग कापून नोंदींसोबत ठेवा. एक चिठ्ठी आम्लमुक्त कागदाची, स्वतःच्या छोट्या पिशवीत, वस्तूंसोबत. तोच मजकूर बाहेरही.

वस्तूवर क्रमांक घालायला नेलपॉलिश वापरू नका, कोणी कितीही सांगो. ते पिवळं पडतं, सोलून निघतं आणि क्रमांकही घेऊन जातं. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक रेझिनचा पातळ थर, वाळल्यावर शाई, वाळल्यावर वरून दुसरा थर. तुटलेल्या कडेवर आणि नक्षीवर कधीच नाही. गंजलेल्या लोखंडावर लिहूच नका, त्याला चिठ्ठी बांधा आणि सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा. शिशाच्या गोळ्या लाकडी कपाटात, विशेषतः ओकच्या, ठेवू नका: लाकडातून निघणाऱ्या अ‍ॅसेटिक आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी भुकटी येते. ती विषारी असते, हातमोजे घाला.

सुरुवातीला एकाच खोक्यावर दिवसच्या दिवस जातात. जाऊ द्यात; वेग हाताला आपोआप येतो. खोकं उघडण्याआधी वही वाचणारा माणूस शोधा आणि त्याच्याच शेजारी बसा. ‘नंतर लिहू’ म्हणणाऱ्याकडून काही शिकू नका.

खोकं भरताना जड वस्तू तळाशी, वजन साधारण १३ किलोपर्यंत. आत तोफगोळा किंवा त्याचा स्फोट घडवणारा फ्यूज दिसला तर हात लावू नका, हलवू नका. खोली रिकामी करा आणि लष्करी तळाच्या बॉम्बनाशक पथकाला बोलवा.