समोरची गाडी प्यायलेला चालवतोय असं वाटलं तर 112 ला नीट कसं कळवायचं

माझी नाइट शिफ्ट नवी मुंबईत महापेला आणि घर ठाण्यात घोडबंदर रोडला, त्यामुळे रात्री दीड-दोनला ऐरोली, मुलुंड, कोपरी, माजिवडा हा रस्ता गेली नऊ वर्षं रोजचा आहे. थर्टी फर्स्टचं सोडा, साध्या शुक्रवारीही एखादी गाडी दिसतेच, जी लेनच्या पट्ट्यावरून डोंबारी दोरीवरून चालावा तशी चाललेली असते. आठ-दहा वेळा तरी 112 ला फोन केलाय. पहिल्या दोन वेळी माती खाल्ली, ती कशी ते पुढे सांगतोच, कारण हा लेख मुळात त्यासाठीच आहे.

आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर डिसेंबरला फिरणारा सल्ला निकालात काढू. गाडी आडवी घाला, चावी काढून घ्या, व्हिडिओ काढून व्हायरल करा. हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही हे केलेलं नाही, पैज लावतो. ज्याला डिव्हायडर दिसत नाहीये त्याच्यापुढे तुमची गाडी आडवी घालायची म्हणजे डिव्हायडरच्या जागी तुम्ही. आणि चावीसाठी खिडकीतून हात घातला आणि त्याने तेवढ्यात गिअर टाकला तर काय होईल ते मी लिहीत बसत नाही.

मागे राहा, निदान आठ-दहा गाड्यांचं अंतर ठेवा, पुढे जाऊ नका, हॉर्न मारत बसू नका, त्याच्या नादात सिग्नल तोडू नका.

फोन बाजूला बसलेल्याने करायचा. एकटेच असाल तर गाडी बाजूला घेऊन थांबा आणि मग करा. गाडी हातची जाईल ना असं वाटतं, जाऊ दे. चालवताना हातात मोबाईल धरला की तुम्हीही त्याच्याच पंगतीत बसलात, आणि दंड तुम्हालाही आहेच. बाईकवर असाल तर प्रश्नच नाही, थांबायचंच.

खात्री किती हवी? पावसाळ्यात खड्डे चुकवत सगळेच नागमोडी जातात, त्यामुळे गाडी एकदा हलली म्हणून लगेच फोन नको. पण हिरवा सिग्नल पडूनही गाडी जागची हलत नाही, मग अचानक सुसाट सुटते, रात्री हेडलाइट बंद, रिकाम्या रस्त्यात विनाकारण ब्रेक, असं दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की बास. राँग साइडने येत असेल तर एकच पुरे. तो किती प्यायलाय हे मोजणं आपलं काम नाही, त्यासाठी पोलिसांकडे मशीन आहे. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि ती काचेआडून कोणालाच दिसत नाही.

म्हणून फोनवर "दारू पिऊन चालवतोय" हे पहिलं वाक्य नको. काय दिसलं ते सांगा, "गाडी दोनदा डिव्हायडरला घासली, हेडलाइट बंद आहेत", आणि मग वाटलं तर "प्यायलेला असावा" म्हणा. एकदा नवी मुंबईच्या पामबीच रोडला मी छातीठोकपणे बेवडा आहे म्हणून सांगितलं, आणि नंतर पोलिसांचा फोन आला तेव्हा कळलं की काकांची शुगर उतरली होती, त्यांना घाम फुटलेला, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. कळवलं ते बरंच झालं, पण दिसलं तेवढंच सांगितलं असतं तर ॲम्ब्युलन्ससुद्धा सोबतच निघाली असती.

आता खरी गोची. पत्ता.

लोकांना वाटतं गाडीचा नंबर महत्त्वाचा. नंबर हवाच, पण पोलिसांना गाडी सापडते ती जागेमुळे. आणि चालत्या गाडीची जागा सांगणं हे आपण समजतो तितकं सोपं नाही, कारण तुम्ही "वाघबीळ" म्हणेपर्यंत ती आनंदनगरला पोचलेली असते.

माझा पहिला फोन. काही वर्षं झाली, पांढरी व्हॅन, मागचा डावा लाइट फुटलेला आणि त्यावर लाल चिकटपट्टी मारलेली, काचेवर "आई तुझा आशीर्वाद", त्यातलं "आ" गळून पडलेलं. हे सगळं मला आजही दिसतंय, आणि फोनवर मी काय सांगितलं, तर "मानपाड्याला आहे, लवकर या". समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, डोंबिवली मानपाडा का? मी वैतागलो, अहो मानपाडा म्हणजे मानपाडा! घोडबंदरचा मानपाडा, दुसरा कुठला. आता डोंबिवलीतही मानपाडा आहे, तिथे त्या नावाचं पोलीस स्टेशनसुद्धा आहे, आणि 112 चा कॉल काही नाक्यावरच्या चौकीत लागत नाही, तो राज्याच्या केंद्रात लागतो, एक इथे नवी मुंबईत आणि एक नागपूरला. म्हणजे फोन उचलणारा माणूस नागपुरात बसलेला असू शकतो, त्याला तुमच्या नाक्यावरचा वडापाव कसा माहीत असणार. तो विचारतोय ते बरोबरच विचारतोय, चिडायचं नाही. मी चिडलो आणि त्या अर्ध्या मिनिटात व्हॅन पातलीपाड्याचा ब्रिज चढून गेलीसुद्धा.

दुसऱ्या वेळी ठाणे म्हटलं, घोडबंदर रोड म्हटलं, कासारवडवली म्हटलं, आणि दिशा सांगायची विसरलो. पोलीस आले, वेळेत आले, पण माजिवड्याकडे जाणाऱ्या बाजूला, आणि माझी गाडी गायमुखकडे जाणारी. मधे डिव्हायडर. चूक शंभर टक्के माझी.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी बदलत नाही: शहर, रस्ता, कुठून कुठे, आत्ताच कोणता नाका गेला, पुढचा कोणता येणार. "ठाणे शहर, घोडबंदर रोड, माजिवड्याकडून गायमुखकडे, वाघबीळ आत्ता गेलं, पुढे आनंदनगर." एका दमात. डावी-उजवी सांगू नका, तुमची डावी त्याला काय कळणार. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो पुढचा नाका, कारण पोलीस गाडीच्या मागे धावून काय करणार, त्यांना पुढे जाऊन उभं राहायचंय. ब्रिज असेल तर वरून गेली की खालून तेही सांगा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, तिन्हीकडे ब्रिज आहेत आणि खालून गेलेली गाडी आत कुठेही वळू शकते. सर्व्हिस रोडचंही तेच.

सारख्या नावांची यादी डोक्यात ठेवा. आनंदनगर घोडबंदरला आहे आणि आनंदनगर टोलनाक्याचंही आहे, कोपरीला, दोन्ही ठाण्यातच, नुसतं ठाणे आनंदनगर म्हणालात तर झालं. नवी मुंबईकरांचं तर विचारूच नका, "सेक्टर 15 मधून बोलतोय" म्हणे. कुठला बाबा? बेलापूर, वाशी, ऐरोली, खारघर, नोड, म्हणजे उपनगराचं नाव, सांगितल्याशिवाय सेक्टरच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. पामबीचला एका बाजूला खाडी आणि एका बाजूला एकसारख्या बिल्डिंगी, तिथे मोराज सर्कल, अक्षर चौक, महापालिकेची बिल्डिंग असं धरून चाला आणि वाशीकडे की बेलापूरकडे ते आधी सांगा.

आणखी एक, गाडी हद्द बदलतेय हे दिसलं की ताबडतोब बोला. ऐरोलीचा पूल ओलांडला की पलीकडे मुलुंड, म्हणजे मुंबई पोलीस. वाशीचा खाडीपूल ओलांडला तर तसंच मानखुर्द. गायमुखच्या घाटाच्या पलीकडे मीरा-भाईंदर, वसई-विरारचं आयुक्तालय. फोन चालू असताना "पुलावर चढली" एवढं म्हटलंत तरी पलीकडच्यांना कळवता येतं, मागाहून सांगून उपयोग नसतो.

फोनचं लोकेशन त्यांना आपोआप जातं ना, असं विचारणारे भेटतात. जात असेलही, पण ते तुमचं जातं, त्या गाडीचं नाही, आणि तुम्ही तर बाजूला घेऊन थांबलेले आहात.

आता नंबर. एक-एक आकडा सुटा सांगा, चार, सात, एक, नऊ असं. सत्तेचाळीस म्हणालात की फोनवर सदतीस ऐकू येतं, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर तर सख्खे भाऊ. अक्षरांना गावं जोडा, बी बेलापूरचा, डी डोंबिवलीचा, पी पनवेलचा, व्ही वाशीचा. पूर्ण नंबर दिसला नाही तर शेवटचे चार आकडे, रंग, गाडीचा प्रकार आणि एखादी खूण पुरते, माझ्या त्या चिकटपट्टीसारखी. शेवटचा आकडा तीन की आठ असं वाटलं तर तीन की आठ असंच सांगा, अंदाजाने ठोकू नका, उगाच भलत्याच माणसाला अडवतील. दिसला की लगेच मोठ्याने दोनदा म्हणा, बाजूच्याला तिसऱ्यांदा म्हणायला लावा.

नाव-नंबर विचारतील तो द्या. तुम्हाला खाली उतरून कोणाशी वाद घालायचा नाहीये.

फोन ठेवल्यावर अनोळखी नंबरवरून फोन येतो, तो उचला! गाडीवरचे पोलीस असतात, कंट्रोलने पाठवलेली माहिती त्यांच्या स्क्रीनवर असते आणि तुमच्याकडून ताजी जागा हवी असते. स्पॅम समजून कट करणारे महाभाग माझ्या घरातच आहेत. आणि दरम्यान ती गाडी एखाद्या सोसायटीत शिरली किंवा पेट्रोल पंपावर थांबली, तर पुन्हा 112 लावून तेवढंच सांगा, नाहीतर ते बिचारे पुढच्या नाक्यावर ताटकळत राहतील. अपघात झालाच तर तेही 112 लाच, ॲम्ब्युलन्ससाठी थेट 108.

पुढचं त्यांचं. मशीनमध्ये फुंकायला लावतात, मेडिकलला नेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 185, पहिल्यांदा सापडला तर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. काय झालं ते तुम्हाला कळवतीलच असं नाही, मला दहापैकी दोनदा कळलं, त्यातले एक ते शुगरवाले काका.

तयारी म्हणाल तर एकच करा, रोजच्या रस्त्यावरचे नाके ओळीने पाठ करून ठेवा. माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, ओवळा, गायमुख. आमच्या हिला जाताना सगळे सुरळीत येतात, येताना उलटे म्हणायला लावले की पातलीपाड्याला गाडी अडते.