परदेशी निघण्याआधी लसी आणि औषधं: खान्देशातून येणाऱ्यांसाठी

बाहेर निघालेल्या माणसाला पहिला सल्ला एजंट देतो, दुसरा कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आणि तिसरा आधी जाऊन आलेला कुणाचा तरी भाचा. तिघंही सगळ्यांना एकच यादी देतात. लसींच्या बाबतीत ते चालत नाही. अमेरिकेत एम.एस.ला निघालेली चाळीसगावची मुलगी, दुबईत साइटवर जाणारा शहाद्याचा फिटर, टांझानियात ठिबकच्या कामावर लागलेला जळगावचा इंजिनिअर आणि उमराहला निघालेले भुसावळचे आजी-आजोबा, या चौघांची गरज वेगवेगळी आहे. आधी तो देश किंवा ते कॉलेज काय मागतं ते बघा. मग तिथे खरा धोका कशाचा आहे ते डॉक्टरांना विचारा. आणि आपण लहानपणी काय घेतलंय ते घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत शोधा. या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका, कारण काही लसींचा क्रम चुकला तर पुढचे चार आठवडे वाया जातात.

वेळेचं गणित तिकिटाच्या तारखेपासून मागे मोजायचं. हिपॅटायटिस बी चे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. घाई असेल तर पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवसाचा जलद कोर्स आहे, पण त्यात वर्षाने चौथा डोस घ्यावा लागतो. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) आणि कांजिण्यांच्या दोन डोसांत किमान 28 दिवस हवेत, 27 दिवसांचं अंतर बरीच कॉलेजं मान्य करत नाहीत. म्हणून ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात कामाला लागा. व्हिसा लागल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांची शेवटी धावपळ होते.

अमेरिकेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी कॉलेजचा लसीकरणाचा फॉर्म उघडून नीट वाचावा, राज्याराज्यांत फरक असतो. बहुतेक ठिकाणी एमएमआरचे दोन डोस लागतात. इथेच आपल्या मुलांची गफलत होते. सरकारी लसीकरणात आधी फक्त गोवरची लस होती, पुढे गोवर-रुबेला आली. 2018-19 च्या मोहिमेत शाळेत दंडावर टोचली आणि अंगठ्याला शाई लावली, ती हीच. तिच्यात गालगुंड नाही. त्यामुळे ‘शाळेत झालंय’ हे खरं असलं तरी एमएमआरच्या रकान्यात ते बसत नाही. लहानपणी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर घेतली असेल आणि तारखेसह कार्ड असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दोन वाटा आहेत: सरळ दोन डोस घ्या किंवा रक्तात तिन्ही रोगांच्या आयजीजी अँटीबॉडी, म्हणजे आधीची प्रतिकारशक्ती, तपासा. तपासणीत एक जरी निगेटिव्ह आली तरी डोस घ्यावेच लागतात, म्हणून हाताशी वेळ कमी असेल तर तपासणीत न अडकता डोसच घेतलेले बरे. आधी डोस झालेल्या माणसाला एमएमआर पुन्हा दिल्याने नुकसान होत नाही.

दुसरी गफलत टीटीची. खिळा लागला, पत्रा कापला की आपण टीटी घेतो. कॉलेजला हवी असते टीडॅप, म्हणजे धनुर्वातासोबत घटसर्प आणि डांग्या खोकल्याचीही लस, तीही बहुधा गेल्या दहा वर्षांतली. टीटीची चिठ्ठी तिथे चालत नाही. होस्टेलवर राहणाऱ्यांना मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय (जंतूच्या चार प्रकारांवरची) लस लागते आणि ती वयाच्या 16व्या वाढदिवसानंतर घेतलेली हवी.

टीबीच्या तपासणीचं वेगळंच. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची मांटू चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, खुलासे, पत्रापत्री सुरू होते. फॉर्ममध्ये पर्याय असेल तर रक्ताची इग्रा चाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ही चाचणी एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची. एमएमआर आधी टोचून घेतली तर चाचणीसाठी चार आठवडे थांबावं लागतं. जिवंत विषाणूच्या दोन लसींनाही, म्हणजे एमएमआर आणि कांजिण्यांना, हाच नियम आहे: एकाच दिवशी दोन दंडांवर, नाहीतर मध्ये 28 दिवस. लग्न होऊन नवऱ्याकडे निघालेल्या मुलींनी हेही लक्षात ठेवावं की या दोन्ही लसी गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू नयेत.

ब्रिटनचा मामला उलटा आहे. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर व्हिसासाठी टीबीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते त्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रातच काढावं लागतं, गावातल्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. आपल्याकडून बहुतेक लोक त्यासाठी मुंबई गाठतात. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेत जुना डाग दिसला तर थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, निकाल यायला दोन महिने लागू शकतात. म्हणून पूर्वी टीबीचा कोर्स झाला असेल तर जुनी एक्स-रे फिल्म आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद सोबत न्या. लसींसाठी मात्र तिथे फार घाबरायचं कारण नाही. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, एमएमआर मोफत मिळते, 25 वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना मेंदूज्वराचीही. अमेरिकेत तेच डोस कॅम्पसवर घेतले तर बिल बघून घाम फुटतो, तेव्हा अमेरिकावाल्यांनी जमतील तेवढे डोस इकडेच उरकावेत.

आखातात कामगार म्हणून जाणाऱ्यांच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी बघतात. इथे एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. हिपॅटायटिस बी ची लस घेतल्यावर अडीच-तीन आठवडे तिचाच अंश रक्तात दिसू शकतो आणि तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून आधी मेडिकल उरका, मग लस घ्या. आधी घेतलीच असेल तर मध्ये महिना जाऊ द्या. उमराह आणि हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस सक्तीची आहे आणि ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी झालेली हवी. साध्या पॉलिसॅकराइड लसीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, कॉन्जुगेट असेल तर पाच. लस कोणत्या प्रकारची ते प्रमाणपत्रावर लिहून घ्यायचं, नाहीतर तीनच वर्षं धरतात.

आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत पीतज्वराची (यलो फीवरची) लस लागते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, तिथेच पिवळं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनचं केंद्र आहे. एक बाटली उघडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशी माणसं गोळा करून लस देतात. अपॉइंटमेंट न घेता रात्रीची गाडी पकडून गेलात तर हात हलवत परत याल. पासपोर्ट मूळ प्रत न्या. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. त्या देशांतून प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, नऊ महिन्यांखालचं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ही लस देत नाहीत. साठीच्या पुढे डॉक्टरांशी बोलूनच.

मलेरियावर आपल्याकडे सवयीने क्लोरोक्विन आठवतं. आफ्रिकेतल्या मलेरियाला ते लागू पडत नाही. प्रतिबंधासाठी अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज एक गोळी घ्यायची, परतल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिनही तसंच सुरू करतात, पण परतल्यावर 28 दिवस चालू ठेवतात. ती मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका भाजते. तिने उन्हाचाही त्रास होतो. ‘पावसाळ्यात दोनदा मलेरिया झालाय, आता काही होत नाही’ हा भ्रम आहे. तिथे पोहोचल्यावर आठवड्याने किंवा त्यानंतर ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, गोळ्या चालू असल्या तरी.

नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्यांनी सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. नुसते वाहक असाल तर काळजीचं फारसं कारण नाही. आजार असेल तर न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), मेंदूज्वर आणि हिब (न्यूमोनिया-मेंदूज्वराचा आणखी एक जंतू) यांच्या लसी निघण्याआधी हव्यात, विमानात पाणी भरपूर प्यायचं, आणि इंग्रजीत टाइप केलेला एचपीएलसी (सिकलसेल पक्का करणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवायचा. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) चालू असताना पीतज्वराची लस स्वतःच्या मनाने घेऊ नका. मलेरियावरचं प्रायमाक्विन घ्यायची वेळ आली तर आधी जी6पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी करा.

आता कागद. निम्मी डोकेदुखी लसीची नसून चिठ्ठीची असते. कार्डावर नाव पासपोर्टवरचंच हवं, ‘बाळू’ किंवा ‘बेबी ऑफ सुनंदा’ चालत नाही. तारीख 05/07 अशी लिहिली की अमेरिकेत ती 7 मे होते, म्हणून महिना अक्षरात लिहून घ्या. लसीचं नाव, बॅच नंबर, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक इतकं एका पानावर आलं पाहिजे. बाटलीवरचं स्टिकर निघत असेल तर तेच चिकटवायला सांगा. आणि लस दवाखान्याच्या फ्रिजमधलीच घ्या. मे महिन्यात पारा 45 वर असताना मेडिकलमधून बाटली घेऊन मोटारसायकलच्या डिकीत टाकून नेली, तर एमएमआरसारखी लस दवाखान्यात पोहोचेपर्यंत मेलेली असते. उलट बर्फाला चिकटवून नेली तर हिपॅटायटिस बी आणि टीडॅप गोठून निकामी होतात.

औषधांच्या बाबतीत आपली सगळ्यात वाईट सवय म्हणजे कात्रीने कापलेली स्ट्रिप. मेडिकलवाला दहातल्या सहा गोळ्या कापून देतो, ज्या कोपऱ्यावर बॅच आणि मुदत छापलेली असते तो बहुधा त्याच्याकडेच राहतो. कस्टमवाल्याला अशी स्ट्रिप म्हणजे बिननावाच्या गोळ्या. पूर्ण स्ट्रिप, मूळ खोका आणि छापील बिल घ्या. चिठ्ठी टाइप केलेली हवी आणि तिच्यावर ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव हवं, कारण इकडचे ब्रँड तिकडे कुणी ओळखत नाही. अमेरिकेत तर पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन आणि दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात. रोजची औषधं अमेरिकेत साधारण 90 दिवसांपुरती नेता येतात, जपानमध्ये चिठ्ठीवरची औषधं परवानगीशिवाय महिनाभराचीच. बीपी, थायरॉइड, शुगरवाल्यांनी तेवढ्यात तिथला डॉक्टर गाठायचा.

काही औषधं मुळात नेऊच नका. कोडीनचं खोकल्याचं औषध, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, झोपेसाठी-चिंतेसाठी देतात ती अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम यांच्यावर आखातात आणि सिंगापुरात कडक बंधनं आहेत. गरजेचीच असतील तर निघण्याआधी त्या देशाची परवानगी काढा. स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानला चालत नाहीत. निमेसुलाइड आणि अॅनाल्जिन ही दुखण्या-तापाची औषधं अमेरिका-ब्रिटनमध्ये वापरातच नाहीत. आणि औषध नसलं तरी इथेच सांगायला हवं: खसखस. अमिरातीत, सौदीत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांत मोडते. आईने भाजून-कुटून दिलेल्या काळ्या मसाल्यात खसखस असेल तर तो डबा घरीच ठेवा, शेवभाजीला तिथे मिळेल तो मसाला वापरा. पुडीतलं चूर्ण, भस्म, बिनलेबलच्या बाटलीतल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्याही नकोत. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडतो. बाळघुटीतल्या वेखंडाला अमेरिकेत खाण्यात बंदी आहे, घरच्या काजळातही शिसं असू शकतं.

साध्या आजारांसाठी पॅरासिटामॉल 500 च्या दोन स्ट्रिपा, अॅलर्जी-सर्दीला सेटिरिझिन, ओआरएसची एक लिटरची चार-पाच पाकिटं, उलटीला ओन्डानसेट्रॉन, एखादं मलम एवढं पुरे. इन्सुलिन हातातल्याच बॅगेत, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. दातांची कामं आणि चष्म्याचा दुसरा जोड इकडेच उरका, विद्यार्थ्यांच्या विम्यात दात बहुधा नसतात.

पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात डॉक्टरकडे नाव नोंदवा, ताप येण्याची वाट बघू नका. साधा ताप आला तर युरोप-अमेरिकेतला डॉक्टर सलाईन लावणार नाही, सुई देणार नाही. पॅरासिटामॉल घे आणि झोप, एवढंच सांगेल. सर्दीच्या गरम पाण्यात घालायच्या पुडीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून त्यावर आणखी गोळी घेताना दिवसाचा हिशेब चार ग्रॅमच्या आत ठेवा. फ्लूची लस दरवर्षी थंडीच्या तोंडावर तिथेच घ्यायची. टायफॉइडची लस युरोप-अमेरिकेला जाताना लागत नाही. ती लागते चार वर्षांनी मुलाबाळांना घेऊन दिवाळीला गावी येताना, कारण तिथे वाढलेल्या पोरांच्या पोटाला आपल्या पाण्याची सवय नसते. हिपॅटायटिस ए चंही तसंच. दोन्ही निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी द्या.