टीम ऑक्टोबरमधेच बोंबलली तर फॅनने काय करायचं

कॅनडात नवीन आलेल्या मराठी माणसाचं साधारण असं होतं की ऑफिसमधे सोमवारी सगळे हॉकीवर बोलत असतात (हॉकी म्हणजे बर्फावरची, आपली ध्यानचंदवाली नाही), मग आपण पण एनएचएलमधली (कॅनडा-अमेरिकेची हॉकी लीग) एक टीम धरतो, महागडी जर्सी घेतो, आणि नेमकी त्याच वर्षी टीम पहिल्या दहापैकी सात-आठ मॅच हरते. मग चिडचिड सुरू. कोचला काढा, गोलीला (म्हणजे गोलकीपरला) काढा, सगळ्यांना विका, हे दोन आठवड्यात आपण पण बोलायला लागतो. हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि पुण्या-मुंबईत पहाटे उठून मॅच लावणाऱ्यांसाठी पण, कारण त्यांची झोपही जाते आणि मॅचही.

चिडू नका असं मी सांगणार नाहीये. चिडायचंच, पण कोणावर आणि कधीपर्यंत ते आधी ठरवायचं. खराब सुरुवात एकाच प्रकारची नसते, काही टीम्स खरंच भंगार असतात आणि काहींची फक्त साडेसाती चालू असते, आणि टेबल बघितलं तर दोन्ही सेमच दिसतात.

उदाहरणाला एडमंटन ऑइलर्सचा २०२३-२४ चा सीझन घेतो, याच्यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल हे लीगमधले दोन मोठे स्टार एकाच टीममधे, सगळे म्हणत होते स्टॅनली कप (लीगची ट्रॉफी) यंदा इथेच, आणि पहिल्याच मॅचला व्हँकूव्हरने ८-१ धुतलं. तिथून १२ मॅच झाल्या तेव्हा २ जिंकलेल्या, ९ हरलेल्या आणि १ ओव्हरटाइममधे हरलेली. बारावी तर सॅन होजेकडून हरले, ज्या सॅन होजेने तोपर्यंत अख्ख्या सीझनमधे एकच मॅच जिंकली होती. त्या रात्री इथल्या फॅन्सनी जे काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता पहिलं काम. टेबलमधला नंबर बघून बोंब मारायच्या आधी कागद घ्या. २०२३-२४ ला सीझन ८२ मॅचचा होता, जिंकलं की २ पॉइंट, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमधे हरलं तरी १ पॉइंट, सरळ हरलं की शून्य. ३२ टीम्समधल्या १६ प्लेऑफला जातात आणि साधारण ९५ पॉइंट झाले की बहुतेक वेळा तुम्ही आत असता. तर ९५ मधून आत्ताचे पॉइंट वजा करा आणि उरलेल्या मॅचेसनी भागा. ऑइलर्सचे १२ मॅचनंतर ५ पॉइंट होते, म्हणजे ७० मॅचमधे ९० हवेत, म्हणजे मॅचमागे जवळपास १.२९. हा आकडा ८२ ने गुणला की १०५ येतात. आता स्वतःला विचारा, आपली टीम पूर्ण सीझनमधे १०५ पॉइंट करणारी टीम वाटते का? ऑइलर्सच्या बाबतीत उत्तर हो होतं, आदल्याच सीझनला त्यांनी १०९ केले होते. तुमच्या टीमने गेल्या वर्षी ८० केले असतील आणि आता तिला १०५ च्या स्पीडने पळायचं असेल तर मग सरळ सरळ अवघड आहे, तिथे आशा कमी ठेवा.

एक गोष्ट यात लोक विसरतात, ती म्हणजे ओव्हरटाइमला गेलेल्या मॅचमधे दोन्ही टीम्सना पॉइंट मिळतो, त्यामुळे तुम्ही जिंकूनसुद्धा पुढची टीम फार मागे पडत नाही. मागून येऊन गाठणं म्हणून इथे फार जड जातं. लांबून चार पॉइंटचा फरक किरकोळ वाटतो, पण तो भरून काढायला कधीकधी महिना जातो.

म्हणून रागाला एक तारीख द्या. इथे हॉकीवाले अमेरिकन थँक्सगिव्हिंगचा सण धरतात, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार (कॅनडाचा ऑक्टोबरमधे येतो, तो नाही, तोपर्यंत तर मॅचेस जेमतेम सुरू झालेल्या असतात). त्या दिवशी प्लेऑफच्या जागेत असलेल्या टीम्सपैकी साधारण तीन चतुर्थांश शेवटी प्लेऑफला जातात असा गेल्या बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. म्हणजे त्याच्या आधी "सीझन संपला" म्हणायला बंदी, आणि त्याच्यानंतर "अजून खूप वेळ आहे" म्हणायला बंदी. दोन्हीकडून सारखं.

मुंबई इंडियन्सच्या फॅनला हे वेगळं शिकवायला नको म्हणा. "पहिली मॅच देवाला" हे आपलंच वाक्य आहे, २०१३ पासून २०२५ पर्यंत दर सीझनला त्यांनी पहिली मॅच देवाला वाहिलेली आहे. २०१५ ला पहिल्या चार हरून ट्रॉफी नेली. पण २०२२ ला पहिल्या आठ हरले आणि शेवटच्या नंबरवर गेले, ते पण लक्षात ठेवा, कारण देव पण एका लिमिटपर्यंतच घेतो.

आता खरा मुद्दा, गोली. बर्फावरच्या हॉकीत सुरुवातीची वाट लागायचं सगळ्यात कॉमन कारण गोली असतो आणि नवीन फॅनला तेच सगळ्यात उशिरा कळतं. सेव्ह पर्सेंटेज नावाचा आकडा बघा, आलेल्या शॉट्सपैकी किती अडवले तो. हल्ली साधारण ९०% म्हणजे ठीकठाक. मॅचला ३० शॉट येतात धरा, ९०% वाला गोली ३ गोल खाणार, ८७% वाला जवळपास ४ खाणार. तीन टक्के ऐकायला काहीच वाटत नाही पण मॅचमागे एक अख्खा गोल आहे तो, आणि हॉकीत बऱ्याच मॅचेस तर एका गोलानेच इकडच्या तिकडे होतात. ऑइलर्सचं तेव्हा तेच चाललेलं. शॉट आणि चान्स त्यांचे भरपूर होते, समोरच्यापेक्षा जास्तच, पण मागे गळती. जॅक कॅम्बेल नावाचा गोली, ५ वर्षांचं अडीच कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, पाच मॅचमधे ८७ टक्क्यांच्या आसपास, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच त्याला खालच्या लीगमधे बेकर्सफिल्डला पाठवून दिला.

त्याच्या जोडीने स्वतःच्या टीमचं शूटिंग पर्सेंटेज बघायचं, म्हणजे मारलेल्या शॉट्सपैकी किती आत गेले, हे साधारण १०% च्या आसपास असतं. या दोन्हींची बेरीज १०० च्या जवळ यायला हवी. तुमच्या टीमची बेरीज ९५-९६ असेल आणि शॉट समोरच्यापेक्षा जास्त मारत असतील तर शांत बसा, नशीब फाटकं आहे, टीम नाही, आणि असं नशीब ८२ मॅच टिकत नाही. पण बेरीज १०० आहे आणि तरी हरताय, शॉट पण कमी, तर मग टीमच तशी आहे. तेव्हा मनसोक्त शिव्या घाला, माझी हरकत नाही.

आकडे बघायचा कंटाळा असेल तर डोळ्याने करायचा एक उपाय आहे आणि मला तो जास्त आवडतो. गोल खाल्ला की लगेच फोनवर टाइप करायला जाऊ नका, रिप्लेमधे आधीचे दहा सेकंद बघा. पक (खेळायची रबरी चकती) कोणी घालवला? समोरचे दोन येताना आपला एकच मागे होता का? गोलीसमोर कोणी उभं होतं का, त्याला दिसलाच नाही का? की लांबून साधा शॉट आला आणि असाच पायातून गेला? असे पाच-सहा मॅच फोनमधे रेघा मारत जा, चार रकाने पुरेत. बहुतेक वेळा काय निघतं, की ज्याच्यावर तुम्ही गेले दोन आठवडे ओरडत होतात त्याच्या नावासमोर रेघाच कमी आहेत. मॅकडेव्हिडवर ओरडणाऱ्यांची मला तेव्हा गंमत वाटायची, तो ऑक्टोबरमधे दुखापत होऊन दोन मॅच बाहेर बसला आणि परत आला तेव्हा पूर्ण फिट दिसतच नव्हता, आणि लोक म्हणत होते याचं मन नाही खेळात.

कोचला काढा हा दुसरा आवडता नारा. काढतात पण, कारण तेवीस खेळाडू काढता येत नाहीत आणि एक माणूस काढता येतो. १२ नोव्हेंबर २०२३, रविवार, आपल्याकडे लक्ष्मीपूजन, बेंगळुरूला वर्ल्ड कपमधे भारताने नेदरलँड्सला हरवून नवापैकी नऊ केलेले, आणि इकडे एडमंटनने कोच जे वुडक्रॉफ्टला घरी पाठवलं, ते पण आदल्या रात्री सिअॅटलला ४-१ हरवल्यावर! नवीन आला क्रिस नॉब्लॉक, ज्याने मॅकडेव्हिड लहान असताना त्याला ज्युनिअरमधे कोच केलेलं. मग डिसेंबर ते जानेवारी सलग १६ मॅच जिंकल्या, लीगच्या रेकॉर्डला एक कमी. सीझनला १०४ पॉइंट झाले, म्हणजे वरच्या गणितातल्या ९५ पेक्षा नऊ जास्तच. आणि स्टॅनली कपच्या फायनलपर्यंत गेले, फ्लोरिडाविरुद्ध ०-३ वरून ३-३ केलं आणि २४ जून २०२४ ला सातवी मॅच २-१ ने हरले. आपल्या क्रिकेट टीमने तोवर दहा सलग जिंकून फायनल घालवलेली होतीच, त्यामुळे मराठी ऑइलर्स फॅनला त्या वर्षी दोन्ही बाजूंनी एकाच शेवटाला पोचायचा मान मिळाला.

पण यावरून कोच बदलला म्हणून झालं असं धरू नका. गोली स्टुअर्ट स्किनर सावरला, मॅकडेव्हिड फिट झाला, आत न जाणारे शॉट जायला लागले, यातलं बरंचसं वुडक्रॉफ्ट असता तरी झालं असतं असं माझं मत आहे. कोचला काढायची मागणी करायच्या आधी बघा की टीम ठरल्याप्रमाणे खेळून हरतेय की खेळायचंच सोडून दिलंय. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पीरियडमधे दोन गोल मागे असताना पकमागे पळतात का, बदली होताना बाकावर जाताना रेंगाळतात का, हे बघा. पळत असतील तर कोच अजून त्यांना हवाय.

ट्रेडची मागणी मात्र ऑक्टोबरमधे करूच नका, वेळ वाया जातो. सॅलरी कॅप (टीमने पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा) असते, २०२३-२४ ला ८.३५ कोटी डॉलर होती, आणि चांगल्या टीम्स सीझन सुरू होतानाच तिला टेकलेल्या असतात. कॅम्बेलला खाली पाठवून सुद्धा त्याच्या वर्षाच्या ५० लाखांतले ३८.५ लाख टीमच्या हिशोबात राहिलेच. वर मोठ्या खेळाडूंच्या कॉन्ट्रॅक्टमधे "मला विचारल्याशिवाय विकायचं नाही" अशी कलमं असतात. आणि तुम्ही हरताय हे समोरच्या टीमला दिसतंच की, ते तुम्हाला स्वस्तात काय म्हणून देतील?

सगळ्यात टोकाचं उदाहरण सेंट लुइसचं, ३ जानेवारी २०१९ ला अख्ख्या लीगमधे शेवटचे, कोच नोव्हेंबरमधेच गेलेला, मग जॉर्डन बिनिंग्टन नावाचा कोणी फारसं नाव न ऐकलेला गोली आला आणि १२ जूनला कप त्यांच्या हातात. हे उदाहरण प्रत्येक हरणाऱ्या टीमचा फॅन देतो म्हणून मला त्याची थोडी चीडच आहे. कारण दुसऱ्या बाजूला तेच सॅन होजे आहे ज्यांनी २०२३ ला पहिल्या ११ मधे एकही जिंकली नाही, लागोपाठ दोन मॅचमधे दहा-दहा गोल खाल्ले, आणि शेवटी ४७ पॉइंटवर तळाला थांबले. तिथे काही चमत्कार नाही झाला. फक्त ड्राफ्टला (नवीन पोरं निवडतात तिथे) पहिला नंबर लागला आणि मॅकलिन सेलेब्रिनी मिळाला. तुमची टीम अशी असेल तर दोन-तीन वर्षांचा हिशोब धरा, वीस वर्षांची पोरं कशी खेळतात तेवढंच बघा, निकाल बघूच नका, तब्येतीला बरं असतं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी थोडं. एडमंटनच्या घरच्या संध्याकाळी ७ च्या मॅच ऑक्टोबरमधे तुमच्याकडे सकाळी साडेसहाला, नोव्हेंबरमधे इथली घड्याळं मागे गेली की साडेसातला. टोरोंटो-माँट्रियलवाल्यांना साडेचार, नंतर साडेपाच. टीम हरत असताना साडेचारला उठायचं काही कारण नाही, झोपा, उठल्यावर स्कोअर न बघता हायलाइट्स लावा, ग्रुप म्यूट करून. आणि मॅच बघायचीच तर अडीच तास धरा, मधल्या दोन ब्रेकमधे पोहे होतात.

आणि इथे राहत असाल तर टीम हरत असतानाच तिकिटं बघा. आठवड्याच्या मधल्या दिवसाची, कमजोर टीमविरुद्धची मॅच घ्यायची, लोक वैतागून रीसेलला टाकतात तेव्हा भाव खाली येतात, टीम जिंकायला लागली की तेच तिकीट परवडत नाही. पोरं असतील तर मॅचच्या चाळीस मिनिटं आधी आत जाऊन काचेजवळ उभे रहा, वॉर्म-अपला खेळाडू तिथपर्यंत येतात आणि कधीकधी पक वरून टाकतात. जेवून मात्र घरूनच निघा, आतलं खाणं टीमच्या डिफेन्सपेक्षा जास्त त्रास देतं.