कासच्या सड्यावर किडे खाणारी झाडं कशी शोधावीत

सप्टेंबरात साताऱ्याहून कासच्या सड्याकडे, म्हणजे खडकाळ पठाराकडे, जाणारा 25 किलोमीटरचा रस्ता गाड्यांनी गच्च भरतो. बहुतेक मंडळी तेरडा, सोनकी आणि गेंदाच्या ताटव्यांपुढे फोटो काढून माघारी वळतात. शिकारी झाडं पाहायची असतील तर गुडघे टेकायची तयारी हवी.

आधी ऑनलाइन बुकिंग करा, कारण रोज ठरावीक लोकांनाच सोडतात. शनिवार-रविवार टाळाच. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, एवढाच काय तो हंगाम. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते नसेल तर दुर्बीण उलटी धरून झाडाच्या अगदी जवळ न्या, तीही भिंगाचंच काम करते. गुडघ्याखाली घ्यायला प्लॅस्टिकचा तुकडा असू द्या. रेनकोट घ्याच, इथल्या उन्हाचा भरवसा नाही.

आता शोधायचं कुठे? जिथे जांभा खडक उघडा आहे आणि त्यावर पाण्याचा पातळ ओघळ झिरपतो, तिथे. सड्यावर माती बोटभरही नसते आणि धो धो पावसात तिच्यातलं नत्र वाहून जातं. ते किड्यांच्या शरीरातून मिळवणारी झाडं म्हणूनच इथे टिकतात. पायवाट सोडायची नाही, तिच्या कडेलाच बघायचं. पायाखाली काय चिरडलं जातंय ते उभ्यानं दिसतही नाही.

सकाळी प्रत्येक पात्यावर दव असतं, त्यामुळे फसगत होते. ऊन पडून दव वाळेपर्यंत थांबा. त्यानंतरही जे थेंब चमकत राहतात ते ड्रॉसेराचे, म्हणजे दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या झाडाचे. तो चिकट द्रव असतो. उभी वाढणारी, बारीक पात्यांची ती गवती दवबिंदू. तिच्या पानांवर चिलटं अडकलेली हमखास दिसतात. दुसरी जात जमिनीला चिकटलेली, रुपयाच्या नाण्यासारखी गोल. किडा बसला की तिच्या कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. पाचक रस सुटतात आणि पुढचं काम सावकाश चालतं. गंमत म्हणून तिला बिस्किटाचा चुरा भरवू नका.

सीतेची आसवं ही शिकारी वनस्पती मात्र शोधावी लागत नाही, निळ्या-जांभळ्या फुलांनी सडा भरलेला असतो. तिची शिकार चालते ओल्या मातीत, मिलिमीटरभर फुग्यांत. दारावरच्या केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की फुगा पाण्यासकट त्याला आत ओढतो. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ही ओढ एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळाची निघाली. फुगे बघायला रोप उपटायचं नाही. फुलावर समाधान माना.

फोटो चार काढा: फूल समोरून, फूल बाजूने, पान आणि आजूबाजूची जागा. एकट्या फुलावरून जात ठरवणं तज्ज्ञांनाही अवघड जातं. घरी आल्यावर तारखेसह ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जाणकार ओळख पटवून देतात. कंदीलपुष्पासारखं काही दुर्मीळ सापडलं तर नेमकं ठिकाण झाकण्याची सोय तिथे आहे, ती आठवणीनं वापरा. कंद उकरून नेणाऱ्यांच्या हाती पत्ता लागायला नको.