प्राचार्य चाललेत? मग शाल-श्रीफळाच्या आधी एवढं उरकून घ्या

मी कॉलेजच्या ऑफिसात ओएस आहे, म्हणजे अधीक्षक. माझ्यासमोरून चार प्राचार्य गेले, आता पाचव्या मॅडम चालल्यात, युनिव्हर्सिटीत कुलसचिव म्हणून. परवा म्हणाल्या, तुम्ही इतक्यांचे निरोप बघितलेत, मला एक यादी काढून द्या ना, काही राहायला नको. बसलो काढायला आणि ती लांबतच गेली.

तर मॅडम, पहिलं काम पेढे वाटायच्या आधीचं. संस्थेला रीतसर पत्र द्या आणि लिएन (मूळ पदावर परत यायचा हक्क) ठेवून जाताय की राजीनामा देऊन जाताय ते त्या पत्रातच स्पष्ट लिहा. यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशनप्रमाणे प्राचार्यपद पाच वर्षांचं असतं, मूल्यमापन होऊन आणखी एक टर्म मिळते, आणि तुमची नवी पोस्टही मुदतीचीच, मग ती संपल्यावर परत कुठे यायचं हा प्रश्न हारतुऱ्यांच्या गडबडीत कुणालाच सुचत नाही. मग कार्यमुक्तीचा आदेश, एलपीसी म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, सर्व्हिस बुक. आमच्या सगळ्यांच्या बुकांवर सह्या करता करता स्वतःचं बुक उघडून बघायचं राहतं, तेव्हा इन्क्रिमेंट, वेतननिश्चिती, रजेचा हिशोब एकदा पानं उलटून बघा, दुसऱ्या ऑफिसातून त्रुटी निघून बुक परत आलं की सहा महिने असेच जातात.

आता ओटीपी. हसू नका, मी यादीत हे ठळक करून ठेवलंय. मागचे सर गेले तेव्हा महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी स्कॉलरशिप पोर्टलच्या, प्राचार्य लॉगिनला त्यांचाच पर्सनल नंबर होता. स्कॉलरशिपचे फॉर्म पुढे पाठवायची शेवटची तारीख, इथे खिडकीवर पोरांची रांग आणि सर तिकडे नव्या ठिकाणी मीटिंगमध्ये, फोन घरी चार्जिंगला. शेवटी आम्ही घरी लँडलाइनवर काकूंना फोन करून, काकू सरांच्या मोबाईलवर सहा आकडे आलेत का बघता का, चष्मा शोधेपर्यंत ओटीपी गेला, परत पाठवला, परत गेला, तिसऱ्यांदा जमलं तेव्हा अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. तेव्हा महाडीबीटी, पगाराचं सेवार्थ, मूल्यांकनाचं नॅक, उच्च शिक्षणाच्या पाहणीचं आयशे, सरकारी निधीचं पीएफएमएस, कॉलेजचा मेल, सगळीकडचा नंबर बदलून कॉलेजच्या नावाचं एक सिम घालून टाका आणि तो साधा फोन कपाटातच राहू द्या. डिजिटल सहीचा टोकन तुमच्या नावाचा आहे, तो मात्र इथे ठेवू नका. कुणी "राहू द्या मॅडम, पुढच्या आठवड्यात लागेल" म्हणालं तर ते मी असलो तरी ऐकू नका.

बँकेत सह्यांचे अधिकार बदलायला ठराव लागतो, नव्या माणसाच्या नमुना सह्या लागतात, आणि बँक एका हेलपाट्यात काही करत नाही, म्हणून दोन आठवडे आधी सुरुवात. अडीअडचणीला म्हणून सही करून ठेवलेले कोरे चेक असतील, असतातच, ते माझ्यासमोर फाडा. कॅशबुकवर शेवटच्या दिवशीची शिल्लक लिहून खाली सही.

शेवटच्या आठवड्यात तुमच्या दाराशी गर्दी वाढेल. निम्मे निरोप द्यायला येतील, निम्मे फाईल घेऊन. जी फाईल तुम्ही तीन वर्षं अडवून ठेवलीत ती त्या आठवड्यात हमखास वर येते, चहा घेता घेता, "जाता जाता तेवढं करा ना मॅडम" म्हणून. माझं स्पष्ट मत, चालू कामाच्या सह्या करा आणि बाकीचं नव्या माणसासाठी ठेवा. मागच्या तारखेची सही तर कुणासाठीच नको.

कॉलेज विकास समितीची एक बैठक मधे बसवा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्राचार्यच तिचा सदस्य-सचिव, त्यामुळे इतिवृत्तं तुमच्या सहीसाठी पडून आहेत, दोन तर माझ्याच टेबलावर आहेत, चूक माझी. माहिती अधिकारातली अपिलं तुमच्याकडे येतात, त्यांना ३० दिवसांची मुदत असते, तुम्ही गेलात म्हणून ती थांबत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची फाईल सीलबंद पाकिटात आणि थेट नव्या प्राचार्यांच्या हातात, आमच्यापैकी कुणाच्याही हातून नको.

चार्ज रिपोर्टला, म्हणजे पदभार सोपवल्याच्या कागदाला, डेडस्टॉक रजिस्टर (टेबल-कपाटांसारख्या सामानाची नोंदवही) जोडायचं, आणि किल्ल्या. जुडग्यात ४१ किल्ल्या आहेत, मी मोजल्यात, ३८ वर ल्युकोप्लास्ट लावून नावं लिहिलीत, दोन जुन्या स्टोअरच्या निघाल्या, एक कशाचीच नाही. ती पाचव्यांदा तशीच पुढे जाईल, रिपोर्टमध्ये "अज्ञात १" असं लिहिलंय.

नव्या सरांबरोबर एक तास बसा, दार लावून. कोण कामाचं, कोण नुसतं गोड बोलतं, कुठल्या वर्गात पाणी गळतं, सगळं सांगा, आमच्याबद्दलही सांगा, आम्ही चहा आत पाठवून बाहेरच थांबू.

समारंभाचं काय, हॉल, हार, माईक आम्ही बघतो. फक्त एक गोष्ट तुम्हीच बोलू शकता, वर्गणी. गेल्या वेळी गिफ्टसाठी यादी फिरली आणि कंत्राटी सफाईवाल्या मावशींनीसुद्धा दोनशे रुपये काढून दिले, यादी मीच फिरवत होतो, परत करायला पाहिजे होते, केले नाहीत. तुम्ही आधीच सांगून टाका, गिफ्ट नको. भाषणात ट्रस्टींची नावं आम्ही लिहून देऊ, पण रात्रपाळीचा वॉचमन, लॅबचे मामा, हॉस्टेलच्या मेसवाल्या ताई यांची नावं तुम्हालाच आठवून घ्यावी लागतील. आणि टीवायचं एक लेक्चर घेऊन जा, पोरं विचारत होती.

टेबलाच्या काचेखालचं सगळ्यात शेवटी. वेळापत्रक, गणपती, कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं निघतात पटकन, पण तुमच्या मुलीचा पहिलीतला फोटो काचेला चिकटलाय, तो ओढू नका. मामांना सांगितलंय, काच उलटी करून हलकेच सोडवायचा बघतो म्हणालेत. नाहीच सुटला तर काच घेऊन जा, डेडस्टॉकमधून मी कमी करून ठेवतो.